सामवेदाचा कान

दत्तपाखाडीत दत्तजयंतीचा नारळ देवासमोर फोडत नाहीत, देवापाशी फोडतात. अन्यत्र नारळ फोडण्याचा दगड देवळाच्या दाराबाहेर, पायरीच्या बाजूला असतो. नागावच्या दक्षिणेला, नारळी-पोफळींच्या सावलीत वसलेल्या या लहानशा वस्तीत मात्र तो गाभाऱ्यातच, मूर्तीच्या पायांशी बसवलेला होता. मार्गशीर्ष पौर्णिमेला प्रत्येक वाडीचा कर्ता पुरुष सोवळे नेसून आत जाई, आपल्या वाडीतला निवडक नारळ त्या दगडावर स्वतःच्या हाताने फोडी, आणि पाणी उडून देवाच्या पावलांवर पडले की वर्षाचे देणे पोहोचले असे मानी. पाणी पावलांवर उडायचे तर घाव जोराचा हवा आणि तो दगडाच्या आतल्या कडेलाच बसायला हवा. या आतल्या कडेला लागूनच देवाच्या चार श्वानांपैकी तिसरा श्वान बसलेला होता.

मूर्ती काळ्या पाषाणाची, कमरेएवढी. तीन मुखे, सहा हात. खालच्या दोन हातांत माळ आणि कमंडलू, मधल्या दोहोंत डमरू आणि त्रिशूळ, वरच्या दोहोंत शंख आणि चक्र. मागे गाय. पायांशी चार श्वान, चौघांच्याही माना वर वळलेल्या, दृष्टी देवाच्या मुखाकडे. ही मूर्ती कोणी घडवली हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिच्याकडे पाहताना एवढेच मनात येई की घडवणाऱ्याने कुत्रे पाळलेले असावेत. कारण धन्याकडे पाहताना कुत्र्याच्या मानेला जो बाक येतो, तो ऐकून घडवता येत नाही.

गेल्या वर्षीच्या जयंतीला मंदिर समितीचा अध्यक्ष जीवन म्हात्रे नारळ घेऊन आत गेला. त्याच्या वाडीत आता पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आहेत, पोहण्याचा तलाव झाला आहे; त्या दिवशी त्याचे काही पाहुणे देवळाच्या दाराशी मोबाइल उंचावून उभे होते. जीवनने हात उगारला, क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि घाव घातला. नारळ फुटला नाही. तिसऱ्या श्वानाचा उजवा कान मुळापासून निखळून दगडावर पडला.

देवळाचा गुरव शिवदास घंटा वाजवत होता. त्याचा हात थांबला. दिनानाथशास्त्री दाराच्या आत, आपल्या नेहमीच्या जागी बसलेले होते. ते उठले, त्यांनी कान उचलून उपरण्याच्या पदरात घेतला आणि पाहिले. तुटीच्या जागी अर्धा भाग जुना, काळवंडलेला होता. कितीतरी वर्षांच्या घावांनी तिथे आधीच चीर गेली होती. हे ते सांगणार, तोच जीवनने विचारले,

"बुवा, हा कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"चौघांतला. कुठला वेद?"

शास्त्रीबुवांच्या तोंडून सवयीने उत्तर गेले. "साम."

जुन्या चिरेचे सांगायचे राहूनच गेले. पुढचे सगळे या एका शब्दामुळे झाले, असे त्यांना नंतर अनेकदा वाटले.

दिनानाथशास्त्री वाईच्या पाठशाळेत शिकलेले. अलिबागच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर ते आपल्या मूळ वस्तीत, म्हणजे या पाखाडीत, पत्नीसह येऊन राहिले. जयंतीचे प्रवचन तर ते तरुणपणापासून करीत आले होते. त्या प्रवचनात दरवर्षी श्वानांचा भाग येई, आणि तोच लोकांना सर्वांत आवडे. तीन मुखे म्हणजे उत्पत्ती, स्थिती आणि लय. गाय म्हणजे पृथ्वी. आणि हे श्वान नव्हेत, हे वेद आहेत. डावीकडून ऋक्, यजुस्, साम, अथर्व. ज्ञान हे असे देवाच्या पायांशी बसते, त्याच्या मुखाकडे पाहते आणि त्याच्यामागून चालते. आणि ते देवाहून वेगळे नाही, कारण वेद हा देवाचा श्वासच होय. हे सांगताना बुवांचा स्वर खाली येई, मंडपातल्या बायका हात जोडत, आणि लहान मुले गाभाऱ्यात डोकावून बोटाने ऋक्, यजुस् मोजत. आजच्या समितीतले सगळे गृहस्थ ती मोजणी करीतच वाढलेले होते.

दोन दिवसांनी समितीची सभा सभामंडपात भरली.

"खंडित मूर्ती पुजायची न्हाय, हे आमच्या आजीलाबी ठाव होतं," जीवन म्हणाला. "मी नवी आणतो. जयपूरहून. पांढरा शुभ्र मार्बल. ही समुद्रात सोडू, रीतसर."

"मूर्ती खंडित झालेली नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "देवाचे मुख, हात, पाय, उदर ही अंगे. त्यांतले काही भंगले तर विसर्जन. आयुध, अलंकार, वाहन, परिवार यांना इजा झाली तर दुरुस्ती. श्वान हा परिवार आहे. देवाचे तत्त्व मंत्राने काढून पाण्याच्या कलशात ठेवायचे, वज्रलेपाने कान बसवायचा, आणि तत्त्व पुन्हा मूर्तीत आणायचे. चार दिवसांचे काम. याला जयपूर कशाला?"

विठोबा नावाचा एक वाडीवाला, जो सभेत सहसा तंबाखू मळण्यापलीकडे काही करीत नसे, म्हणाला, "म्हंजे कुत्रा तो कुत्राच?"

"परिवार."

"मग इतकी वर्सं वेद वेद काय सांगत होताव?"

"तो त्याचा अर्थ आहे, विठोबा. अर्थ वेगळा आणि दगड वेगळा. नकाशात समुद्र निळा दाखवतात. म्हणून नकाशा काही ओला होत नाही."

"पन नकाशा फाटला तर वाट चुकते ना, बुवा?"

मंडपात हशा झाला. जीवन मात्र हसला नाही. त्याचा चेहरा दोन दिवसांत उतरला होता. तो म्हणाला, "बुवा, तुम्हीच सांगितलंत, वेद देवाहून वेगळा न्हाय, वेद देवाचा श्वास हाय. मला पाठ हाय ते. हात तुटला तर मानूस जगतो. श्वास तुटला तर? मग हात मोठा की श्वास मोठा?"

आयुष्यभर वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला या प्रसंगाइतके हताश करणारे दुसरे काही नसावे: विद्यार्थ्याने आपणच शिकवलेले सूत्र अचूक लावावे आणि त्यातून नको ते उत्तर काढून समोर ठेवावे. चूक दाखवायला जागाच नव्हती. सभेने हात वर केले. विरोधात एकटे बुवा होते.

घरी आल्यावर त्यांनी पेटीतल्या पोथ्या काढल्या. जीर्णोद्धाराची प्रकरणे पुन्हा वाचली. सगळीकडे तेच होते, जे त्यांनी सांगितले होते. आपले म्हणणे बरोबर आहे याची खात्री जसजशी होत गेली तसतसा त्यांचा त्रागा वाढत गेला, कारण बरोबर असण्याचा इथे काही उपयोग नव्हता.

देवघरातून पत्नीचा, गोदूताईंचा, आवाज आला. "अहो, या कानाला गंध लावू की नको?"

"नको."

"मग नुसतं फूल वाहू?"

"काही नको. तो तिथे ठेवलेला आहे. पूजेत नाही."

"देवघरात ठेवलेलं आणि पूजेत नाही, असं या घरात आजवर काही झालं नाही." त्या हात पुसत बाहेर आल्या. "एवढे काय चिडता? तुमचंच बोलणं धरून बसलेत लोक. दुसरं कोणाचं तर नाही."

"अगं, प्रतीक कळायला आधी बुद्धी लागते!"

"असेल. पण मला एक सांगा. दर जयंतीला प्रवचनाआधी तुम्ही काठी घेऊन उठता आणि मंडपात निजलेले कुत्रे बाहेर हाकलता. हाड हाड करून. मग पाटावर बसता आणि सांगता, हे श्वान नव्हेत, वेद आहेत. लोक दोन्ही बघतात हो! एकदाही कोणी विचारलं नाही की बुवा, आत्ता काठीने कोणाला बाहेर काढलंत?"

"ते कुत्रे होते."

"तेच म्हणते मी," गोदूताई म्हणाल्या आणि पाने घ्यायला गेल्या.

पुढच्या गुरुवारी शास्त्रीबुवांनी स्वतःहून प्रवचन लावले. त्या संध्याकाळी ते जितके मनापासून बोलले तितके पूर्वी क्वचितच बोलले असतील. त्यांनी अवधूताची कथा सांगितली. राजा यदू त्या दिगंबराला विचारतो की तू कोणापासून शिकलास. आणि तो सांगतो, पृथ्वीपासून, वाऱ्यापासून, समुद्रापासून, कबुतरापासून, अजगरापासून, मधमाशीपासून, पिंगला नावाच्या वेश्येपासून, बाण घडवणाऱ्या कारागिरापासून. "चोवीस गुरू आहेत," बुवा म्हणाले, "आणि त्यांत कुत्रा नाही. मला तरुणपणी याचे वाईट वाटे. कोळी किड्याला स्थान आहे, कुंभारमाशीला आहे. जो रात्रंदिवस देवाच्या पायांशी बसतो त्याला नाही. पुढे ध्यानात आले की या जुन्या कथेत कुत्रा देवाच्या आसपासही नाही. कुत्रे मागाहून आले. कोणी बोलावले नाही, कोणी नेमले नाही. ज्याला घर नाही, जो कोणाला दारातून हुसकत नाही, त्याच्यामागून कुत्रे जसे आपणहून चालू लागतात, तसे ते आले आणि बसले. वेद हा अर्थ त्यांना आपण पंडितांनी दिला. तो सुंदर आहे. पण आधी ते कुत्रे आहेत. देवाने त्यांना कुत्रे म्हणूनच जवळ बसू दिले, हाच तर देवाचा मोठेपणा!"

बोलणे संपले. मंडपात शांतता होती. ती पाहून त्यांना वाटले, पोहोचले.

पहिल्या रांगेत बसलेल्या सगुणाबाई, जीवनच्या आई, हळूहळू उठल्या, त्यांनी वाकून नमस्कार केला आणि अत्यंत मायेने म्हणाल्या, "बुवा, वय झालं आता तुमचं. पैलं सांगायचाव ना, वेदांचं, तेच बरं होतं. आता शीण नका घेऊ."

घरी परतताना जीवन त्यांना सोडायला आला. किनाऱ्याच्या दांडाकडून लाटांचा आवाज येत होता. जीवन चालता चालता म्हणाला,

"बुवा, माझ्या विहिरीचं पानी मचूळ झालंय."

"केव्हापासून?"

"जयंतीपासनं. आजोबांनी खणलेली विहीर. वाडीतली झाडं तिच्यावर. पानं पिवळी पडाया लागलीत."

"अरे, तू तलाव भरायला रात्रंदिवस पंप चालवतोस. समुद्र पलीकडे हाकेवर आहे. गोडे पाणी उपसलेस की खारे आत येणारच."

"पंप तीन वर्सं चालतोय, बुवा. कान आत्ता तुटला."

या तर्कापुढे शास्त्रीबुवांना आपले डोके बाजूच्या दगडी गडग्यावर आपटावेसे वाटले. पण अंधारात जीवनचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. तो म्हणाला, "नवी मूर्ती बसली की माझ्यावरचा दोष जाईल. हे तुम्ही न्हाय समजून घेनार. तुमच्या हातनं न्हाय तुटला तो."

बुवांच्या हाती आता एकच गोष्ट उरली होती. मूर्ती जागेवरून हलवायची तर तिच्यातले तत्त्व आधी मंत्राने काढून घ्यावे लागते, आणि तो विधी पंचक्रोशीत त्यांच्याखेरीज कोणाला येत नव्हता. त्यांनी समितीला निरोप पाठवला: "मी करणार नाही." आणि ते निश्चिंत होऊन बसले. माघ गेला, फाल्गुन गेला, चैत्रही सरला. ते रोज सकाळी देवळात जात, काळ्या मूर्तीसमोर बसत, आणि देवाच्या तीन मुखांपैकी मधल्याकडे पाहून मनात म्हणत, मी आहे तोवर तुला कोणी हलवत नाही.

वैशाख लागताच पनवेलहून एक तरुण गुरुजी आले. त्यांचे नाव तेजस्वी असे होते आणि पाठांतर, हे मान्य करावेच लागेल, स्वच्छ होते. त्यांनी शास्त्रीबुवांना साष्टांग नमस्कार घातला, "आपण ज्येष्ठ आहात, चुकले तर सांगा," असे म्हटले, आणि दुपारच्या जेवणाआधी सगळा विधी उरकून तत्त्व कलशात काढले. बुवा दाराशी उभे राहून चूक शोधत होते. एक चूक त्यांना सापडली. पण ती इतकी बारीक होती की सांगितली असती तर त्यांचीच शोभा झाली असती. ते मागच्या दाराने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अक्षय्यतृतीयेची प्रतिष्ठा ठरलेली होती. म्हणून त्याच संध्याकाळी जुनी मूर्ती टेंपोत घालून किनाऱ्यावर आणली. जीवनने थळच्या धर्माजी नाखव्याला होडी घेऊन बोलावले होते. शास्त्रीबुवा येणार नव्हते, पण टेंपो घरावरून गेला तेव्हा गोदूताईंनी त्यांच्या हातात काठी दिली आणि म्हणाल्या, "जा. नाहीतर रात्रभर माझ्याशी भांडाल."

भरती लागत होती. होडी पाण्यात डुलत होती. धर्माजी, साठीचा, काळासावळा, डोक्याला रुमाल बांधलेला, वाळूवर उतरला आणि फडके बाजूला सारून त्याने मूर्ती निरखली.

"ह्यो तर धडधाकट हाय," तो म्हणाला. "तीन तोंडं हायत, सा हात हायत. बुरवायचा कशापायी?"

"कुत्र्याचा कान तुटलाय," जीवन म्हणाला.

"कुत्र्याचा?"

"कुत्रा न्हाय तो. सामवेद."

धर्माजीने एकवार जीवनकडे पाहिले, एकवार शास्त्रीबुवांकडे. "बरं. सामवेद. कुठं सोरायचा?"

"खोल पान्यात."

"खोल पानी म्हंजे आमची जालं लावायची जागा. पोरगा उद्या जाल टाकील, आनि तुमचा सामवेद त्यात अरकंल. यवढा दगड! जाल फाटंल ते कोन देनार, ह्यो?" त्याने देवाकडे बोट केले आणि लगेच कानाला हात लावला. "चुकलू रं बाबा."

"त्याच्या पलीकडं ने मग."

"वारा बघ. चार दिसांत होऱ्या वर काढायच्या हायत. कुत्र्याच्या कानासाठी मी न्हाय मरनार पलीकडं."

"मग इथंच, कमरेइतक्या पाण्यात ठेवू," समितीतला कोणीतरी म्हणाला.

जीवनने नकारार्थी मान हलवली. ओहोटीला इथले पाणी पार लांब हटते, हे पाखाडीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. सकाळी देव उघड्या वाळूवर उभा राहिला असता आणि पुन्हा भरती आली की पर्यटकांना लाटांवरून फिरवणाऱ्या फुगीर नावा त्याच्याभोवती फिरल्या असत्या.

सगळे शास्त्रीबुवांकडे पाहू लागले. महिनोन्‌महिने ज्यांचे कोणी ऐकले नव्हते, त्यांनी आता काहीतरी सांगावे अशी सर्वांची अपेक्षा होती. बुवांना हवे होते ते नेमके समोर येऊन उभे होते. त्यांनी म्हणावे, "मूर्ती गाभाऱ्यात परत न्या." ते म्हणालेही. पण गाभाऱ्यात दुपारपासून गवंडी बसले होते. जुने पीठ फोडून झाले होते. तत्त्व कलशात होते आणि मूर्ती आता, त्यांच्याच शास्त्राप्रमाणे, केवळ पाषाण होती. उद्याचा मुहूर्त मार्बलचा होता.

"तूर्त औदुंबराखाली ठेवू," शिवदास म्हणाला. "पाऊस सरला की बघू."

टेंपो मागे वळला. देवळामागच्या औदुंबराच्या पारावर मूर्ती उतरवली, आणि गाभाऱ्यातून उपटलेला नारळाचा दगडही, दुसरीकडे कुठे टाकावा हे न कळल्याने, तिच्याच पायांशी आणून टाकला.

पाऊस सरला, कोणीही काही पाहिले नाही. शास्त्रीबुवांच्या दृष्टीने ही अवस्था विसर्जनाहून वाईट होती. विसर्जनाला निदान विधी आहे, शेवट आहे. हे काय होते? पूजेत नाही आणि पाण्यातही नाही. ते समितीकडे गेले, म्हणाले, वज्रलेप करून इथेच लहान घुमटी बांधा. समिती म्हणाली, दोन दत्त कसे चालतील? ते म्हणाले, मग रीतसर विसर्जन तरी करा. समिती म्हणाली, बघू. या "बघू" शब्दावर डोके फुटत नाही आणि त्याला पाझरही फुटत नाही. घरी देवघरात कान तसाच ताम्हनाशेजारी पडून होता. गोदूताई आता न विचारता त्याला गंध लावू लागल्या होत्या.

गाभाऱ्यात नवी मूर्ती शोभत होती, यात शंका नाही. जमिनीला चकचकीत फरशी आली होती आणि ती फुटेल म्हणून आत नारळ फोडण्यास मनाई असल्याची पाटी भिंतीवर लागली होती. मार्बलचे चारही श्वान शुभ्र, गुबगुबीत, एकाच साच्यातून काढल्यासारखे. पण त्यांच्या माना वळलेल्या नव्हत्या. चौघेही देवाकडे पाठ करून, थेट समोर, येणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत होते. फोटोला बसावेत तसे.

मग यंदाची जयंती आली.

शास्त्रीबुवांना प्रवचनाचे बोलावणे होते. त्यांनी घसा बसल्याचे कारण सांगितले. मात्र सकाळी त्यांना घरात बसवेना. गोदूताईंनी कान एका फडक्यात बांधून त्यांच्या हाती दिला. "त्याचा दिवस आहे. दाखवून आणा एकदा," त्या म्हणाल्या. या वाक्याला कोणत्याही पोथीत आधार नव्हता. बुवा कान घेऊन निघाले.

देवळामागे आले तर पाराभोवती माणसे. विठोबा सोवळे नेसून उभा होता आणि त्याच्या हातात फुटलेला नारळ होता.

"इथे फोडलास?" बुवांनी विचारले.

"मग कुठं फोरू? आत पाटी हाय."

"अरे, ही मूर्ती पूजेत नाही! हिच्यात तत्त्व नाही!"

"पन दगड तोच हाय ना, बुवा. पानी पायांवर उरालं." विठोबा शांतपणे म्हणाला आणि पुढच्याला जागा देऊन बाजूला झाला.

एकामागून एक वाडीवाले येत होते. आत मार्बलला हार, बाहेर पाषाणाला नारळ, अशी वाटणी न ठरवताच झालेली होती. पाराखाली कुत्रे जमले होते आणि उडालेले खोबऱ्याचे तुकडे खात होते. शास्त्रीबुवा सवयीने "हाड" म्हणाले. एका लालसर कुत्रीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. विधिनिषेधाची इतकी सरमिसळ त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. कोणाकोणाला काय काय समजावायचे? ते पाराच्या कडेला बसले.

गर्दी ओसरल्यावर जीवन आला. सोवळे नेसलेले, हातात नारळ. तो पाराच्या पायरीपाशी थांबला आणि पुढे येईना.

"विहीर कशी आहे?" बुवांनी विचारले.

"तशीच."

"आणि नवा देव?"

जीवनने नारळ या हातातून त्या हातात घेतला. "रोज जातो, बुवा. हात जोडतो. पन ते चौघं माझ्याकडंच बघतात. चौघंबी. तूच तो, म्हनल्यासारखं." त्याने काळ्या मूर्तीकडे पाहिले. "हे न्हाय बघत माझ्याकडं. हा कान तुटलेला, हाबी न्हाय बघत. हा देवाकडंच बघतोय. जसं काय झालंच न्हाय."

शास्त्रीबुवांनी मूर्तीकडे पाहिले. ते खरे होते. इतकी वर्षे तिच्यासमोर बसून, वेदांची नावे डावीकडून उजवीकडे सांगताना, ही गोष्ट त्यांनी पाहिली होती. सांगितली मात्र कधी नव्हती.

"तुझी भीती तुझ्याच मनात आहे, जीवन. तुला कोणी काही म्हटलेले नाही," ते म्हणाले. आणि मग, चिडूनच, "पंप बंद कर तो. मी गेले वर्षभर सांगतो आहे."

"करतो." मग, थोड्या वेळाने, "कान कुठं हाय?"

बुवांनी फडके सोडले. जीवनने कान हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि तो देवळाच्या कोठीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात, गाभाऱ्यातल्या फरशीसाठी आणलेल्या डिंकाचा उरलेला डबा होता.

"हे काय?"

"फरशी चिकटवायचं."

"वेडा आहेस का? वज्रलेपात लाख लागते, गुग्गुळ लागतो, काढा करून आटवावा लागतो, मुहूर्त लागतो..."

"मग तुम्ही कराल तो, बुवा?"

"समिती करू देते का मला!"

"मी अध्यक्ष हाय," जीवन म्हणाला, "आनि मला आत्ता नारळ फोडायचाय." तो गुडघ्यांवर बसला. त्याने तुटीची जागा धोतराच्या सोग्याने पुसली, डिंक लावला आणि कान बसवून दोन्ही हातांनी धरून ठेवला. शास्त्रीबुवा पुढे वाकले. अडवायला म्हणून वाकले होते, पण कान डावीकडे कलतो आहे असे दिसताच त्यांनी एक बोट खालून आधाराला लावले. तरीही तो किंचित तिरपाच बसला. दोघे तसेच, डिंक सुकेपर्यंत, एका कुत्र्याचा कान धरून बसून राहिले. ती लालसर कुत्री जवळ येऊन त्यांचे हात हुंगून गेली.

यात शास्त्र कुठेच नव्हते. तत्त्व नव्हते, मंत्र नव्हता, मुहूर्त नव्हता. वज्रलेपाच्या जागी फरशीचा डिंक होता. बुवांच्या मनात आक्षेपांची रांग उभी होती आणि त्यांतला प्रत्येक आक्षेप निर्दोष होता. त्या तिरप्या कानामुळे तिसरा श्वान आता काहीतरी ऐकत असल्यासारखा दिसत होता, याचाही त्यांना राग आला.

जीवन उठला. त्याने नारळ दोन्ही हातांत घेतला, वर उचलला, आणि त्याचे हात तसेच हवेत राहिले.

"बुवा," तो म्हणाला, "कुठं मारू?"

दिनानाथशास्त्र्यांनी काठीच्या टोकाने दगडाची बाहेरची कड दाखवली. तिथे फोडल्यावर पाणी देवाच्या पायांवर पोहोचणार नव्हते. रीत मोडणार होती.

"इथे मार," ते म्हणाले. "त्याच्या कानापासून जरा लांब."